गावठी कुत्रं दत्तक घ्यायचंय? आधी महिनाभर शेल्टरमध्ये काम करा

शेल्टरमध्ये रविवारी येणाऱ्या कुटुंबांची मागणी बहुधा ठरलेली असते. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू हवं, शक्यतो गोंडस, शक्यतो आजच. दत्तक गेलेली कुत्री ज्या कारणांनी परत येतात, तीही ठरलेलीच. घरातल्या एकाला मुळात कुत्रं नको होतं. घरमालकाने आडकाठी केली. पिल्लू घरभर शू करतं, मुलांचे हात चावतं. दिवसभर घरी कोणी नसतं, ते भुंकत बसतं आणि शेजारी तक्रार करतात. ही जवळजवळ सगळी कारणं कुत्रं घरी आणण्याआधी कळू शकतात. त्यासाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे आधी चार आठवडे शेल्टरमध्ये स्वयंसेवक म्हणून जाणं. तुम्हाला कुत्र्यांची नीट ओळख होते, शेल्टरला तुमची होते, आणि घरातल्या उत्साहातला खरा किती हेही तेवढ्यात उमगतं.

कोणत्या दारात जायचं

‘शेल्टर’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या जागा येतात. महापालिकेसाठी चालणारं नसबंदी केंद्र हे दत्तक देण्याचं ठिकाण नव्हे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार तिथली कुत्री नसबंदी आणि रेबीजची लस झाली की जिथून आणली त्याच भागात परत सोडायची असतात. पांजरपोळात मुख्यतः गाई-बैल असतात. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या जागा आधी दवाखाने आहेत, मग बाकी सगळं. तुम्हाला हवी ती चौथी जागा, म्हणजे जखमी आणि बेवारस प्राणी सांभाळून पुढे घर शोधून देणारी संस्था. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर, गोवा, सगळीकडे अशा संस्था आहेत.

बऱ्याच संस्थांना जोडून फोस्टर घरं असतात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत प्राणी सांभाळणारी कुटुंबं. पिल्लूच हवं असेल तर फोस्टरकडचं बघा. शेल्टरमध्ये रोज नवी आजारी कुत्री येतात आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला पार्व्हो हा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार व्हायला तेवढं पुरतं. चार माणसांच्या घरात वाढलेल्या पिल्लाला मिक्सरचा आवाज, दाराची बेल, झाडू हेही सवयीचे झालेले असतात.

पहिल्या दिवसाआधी

नियमित जायचं ठरवलंत तर स्वतःची रेबीजची प्रतिबंधक लस आधी घ्या. वेळापत्रक ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवसाचं असतं. हा कोर्स झालेल्या माणसाला नंतर कुत्रं चावलं तर ० आणि ३ या दिवशी दोनच इंजेक्शनं लागतात, जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. धनुर्वाताचंही बघून घ्या. लस असो वा नसो, ओरखडा किंवा चावा झाला की आधी साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची, मग दवाखाना. हळद, चुना, मिरची यातलं काहीही लावायचं नाही.

कपडे जुने, पाय पूर्ण झाकणारे; ओढणी, लोंबते कानातले, उघड्या चपला नकोत. पावसाळ्यात गमबूट हवेतच. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि शेल्टरच्या नाल्यांत उंदीर असतातच. घरी परतल्यावर कपडे वेगळे धुवा, बूट दाराबाहेर ठेवा. घरात लस न झालेलं पिल्लू किंवा मांजर असेल तर हा नियम दुप्पट कडक.

बहुतेक ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना पालकांबरोबरच येऊ देतात. मुलाच्या वाढदिवसाला बिस्किटांचे पुडे घेऊन येणारी मंडळी मनाने चांगली असतात, पण ४० कुत्र्यांनी गोड बिस्किटं खाल्ली की दुसऱ्या दिवशीची हगवण कोणीतरी धूत असतं. द्यायचंच असेल तर रद्दी, जुन्या चादरी, टॉवेल, ब्लीच, हातमोजे, मजबूत पट्टे द्या. कापसाच्या उशा आणि गाद्या नकोत. कुत्री फाडून कापूस गिळतात.

खरं काम काय असतं

सफाई. निम्म्याहून जास्त वेळ सफाईतच जातो, आणि ती नीट झाली तरच पिल्लं जगतात.

क्रम असा: आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी कुत्री, मग त्वचारोगाची, आणि सर्वांत शेवटी आजारी-संशयितांची खोली. उलट दिशेने कधीच यायचं नाही. शेवटच्या खोलीचा झाडू, बादली, चपला वेगळ्या, आणि तिथून निघालात की त्या दिवशी पिल्लांना हात लावायचा नाही. नवे स्वयंसेवक इथेच चुकतात. आजारी पिल्लाला जवळ घेतात, डोळे पाणावतात आणि तशाच हातांनी शेजारच्या खोलीत जातात.

एक केनेल, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, धुताना कुत्रं बाहेर काढा, मल कोरडाच उचला, मग साबणपाण्याने घासा आणि पाण्याने धुवा. ब्लीच त्यानंतर. घरगुती ब्लीच, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइट, १ भागाला ३० भाग पाणी. १० लिटरच्या बादलीला साधारण ३३० मिली. ते फरशीवर १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, मग पुन्हा पाणी मारून कोरडं करायचं. घाण तशीच ठेवून वरून ब्लीच ओतलं तर ते घाणीतच संपून जातं, विषाणूपर्यंत पोचत नाही. आणि साचलेल्या मुतावर ब्लीच पडलं की छातीत जळजळ करणारा वायू सुटतो. ॲसिडमध्ये तर ते कधीच मिसळू नका. द्रावण रोज ताजं करा. फिनेलवर आपल्याकडे भारी विश्वास, पण पार्व्होवर त्याचा भरवसा नाही आणि काळं फिनेल मांजरांना विषारी ठरतं.

दुसरं काम फिरवणं. केनेलचं दार उघडण्याआधी दोरी हातात तयार हवी, आणि दार उघडायचं ते तुमच्या गुडघ्याएवढ्याच फटीने. घाबरट कुत्र्याला दोन दोऱ्या लावा, एक गळ्याच्या पट्ट्याला आणि एक हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला. उलट ओढून मान सोडवून घेणारी कुत्री शेल्टरमध्ये खूप. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जावीत, तीन नकोत. कुत्र्यावर वाकू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, डोक्यावरून हात फिरवू नका. तिरकं बसा आणि त्याला येऊ द्या. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत मान फिरवणं, अंग एकदम ताठ होणं या ‘आता पुरे’ म्हणायच्या खुणा आहेत. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागावू नका. गुरगुर थांबवायला शिकलेलं कुत्रं पुढच्या वेळी सूचना न देता चावतं.

खरूज झालेल्या कुत्र्याला हातमोज्यांशिवाय हाताळू नका, तिचा एक प्रकार माणसालाही लागतो. मांजरीच्या पिल्लांकडून गजकर्ण येतं.

अंगमेहनत जमत नसेल तरी कामं आहेत: दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी गाडी, लसींच्या नोंदी, आलेल्या फोनना उत्तरं, आणि फोटो. फोटो काढताना जमिनीवर बसा, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, केनेलबाहेर, सकाळच्या उन्हात. जाळीमागचा फोटो बघून दया येते, पण कुत्रं न्यायला कोणी येत नाही. आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेले दोन तास देणारा माणूस शेल्टरला महिन्यातून एकदा आठ तास देणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण कुत्र्यांना त्याची सवय होते.

कुत्रं निवडताना

पहिल्यांदाच पाळणाऱ्या, दोघंही नोकरीला जाणाऱ्या घराने पिल्लू घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षांचं कुत्रं घ्या. त्याचा आकार ठरलेला असतो, स्वभाव दिसतो, नसबंदी झालेली असते, ते रात्रभर शू धरू शकतं आणि चपला खायचं वय बहुधा ओलांडलेलं असतं. मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही हा समज चार आठवड्यांच्या कामात आपोआप जातो.

पिल्लूच घ्यायचं तर आठ आठवड्यांआधी आईपासून तोडलेलं घेऊ नका. कुठे कुठे चावायचं आणि किती जोरात, हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं. वय दातांवरून पडताळा: पुढचे दुधाचे दात पडून मोठे येऊ लागले असतील तर पिल्लू तीन-चार महिन्यांच्या पुढचं. गावठी पिल्लाचं चौथ्या महिन्यातलं वजन साधारण दुप्पट केलं की मोठेपणीचा अंदाज येतो. बहुतेक १२ ते २० किलोंत बसतात.

केनेलमध्ये दिसतं तेवढंच कुत्रं नसतं. आत उड्या मारून भुंकणारं बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत शांत बसतं, आणि कोपऱ्यात निपचित पडलेलं ‘गरीब’ वाटतं ते भीतीने गोठलेलं असतं. म्हणून निदान दोन वेगळ्या दिवशी, २० मिनिटं तरी आवाराबाहेर फिरवा. आठ-दहा फुटांवर किल्ल्यांचा जुडगा पाडा. दचकलं तरी हरकत नाही, किती वेळात सावरून पुन्हा तुमच्याकडे किंवा जुडग्याकडे येतं ते बघा. काही सेकंदांत सावरणारं कुत्रं शहरातल्या फ्लॅटमध्ये निभावतं. दहा मिनिटांनीही थरथरत असेल तर त्याला अनुभवी घर हवं. आणि जो माणूस रोज खायला घालतो त्याला विचारा: ताटलीजवळ कोणी गेलं तर काय करतं, मांजर दिसल्यावर काय, झाडू घेतलेल्या पुरुषाला भितं का. फॉर्मवर नसलेली माहिती त्याच्याकडे असते.

घरातली सगळी माणसं एकदा येऊन गेली पाहिजेत. आजी-आजोबाही, आणि स्वयंपाक-धुणीभांड्याला येणाऱ्या मावशींनाही विचारा. कुत्र्याबरोबर दिवसभर घरात त्याच असणार.

कागद आणि प्रश्न

चांगली संस्था तुम्हाला प्रश्न विचारून हैराण करते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती, घराचे फोटो किंवा प्रत्यक्ष भेट, दिवसभरात किती तास कुत्रं एकटं राहील याचं उत्तर. मग करारपत्र, ज्यात नसबंदीची अट आणि ‘नको झालं तर आमच्याकडेच परत’ हे कलम असतं. थोडी देणगी मागणं ठीक आहे. पण दहा मिनिटांत कुत्रं हातात देणारा, लसीचं पुस्तक ‘नंतर पाठवतो’ म्हणणारा, किंवा पिल्लांचे दर सांगणारा दिसला तर उठून या.

तुम्ही घ्यायचे कागद: लसीचं पुस्तक (कुपीवरचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही असलेलं), जंताच्या औषधाच्या तारखा, नसबंदीचा दाखला, शेवटचं वजन, सध्याचं खाणं काय आणि किती. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक आणि तो कोणाच्या नावावर नोंदवलाय ते. पालिकेचा परवाना लागत असेल तर तो रेबीज लसीच्या दाखल्यावरच मिळतो.

सोसायटीने ‘पाळीव प्राणी चालत नाहीत’ असा ठराव केला असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक सूचना दाखवा. सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असं तिच्यात म्हटलंय. पण भांडण जिंकण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून विष्ठा स्वतः उचलणं आणि लिफ्टमध्ये दोरी आखूड धरणं जास्त कामी येतं.

घरी आणायचा दिवस

सुट्टी घ्या. शुक्रवारी आणून सोमवारी कामावर गेलात तर दोन दिवस अखंड सोबत आणि मग अचानक नऊ तास रिकामं घर, यातूनच एकटेपणाची भीती बसते. चार-पाच दिवस घरी राहा आणि दुसऱ्या दिवसापासूनच थोडा वेळ एकटं ठेवायला लागा: दोन मिनिटं, पाच, पंधरा, तास. जाता-येता मोठे निरोप नकोत. दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत किंवा गणपतीच्या मांडवाला लागून घर असेल तर त्या दिवसांत आणू नका. नव्याने आलेली कुत्री फटाक्यांना घाबरून पळतात, आणि त्यांना अजून परतीचा रस्ता माहीत नसतो.

निघण्याआधी तीन-चार तास खाणं नको, गाडीत उलटी होते. दोन माणसं हवीत, एक गाडी चालवायला आणि एक मागे कुत्र्याजवळ. रिक्षातून नेणार असाल तर दोन्ही दोऱ्या मनगटात अडकवून बसा. फोन नंबरचा बिल्ला शेल्टरमध्येच गळ्यात घाला. घरी पोचल्यावर आधी खाली शू करायला न्या, मग घरात. पाहुणे, शेजारी, फोटो, आंघोळ सगळं आठवडाभर पुढे ढकला.

पहिले तीन दिवस ते पलंगाखाली बसेल, कमी खाईल, कदाचित घरात शू करेल. तीन आठवड्यांत वेळापत्रक कळतं आणि खरा स्वभाव बाहेर येऊ लागतो, खोड्यांसकट. पूर्ण रुळायला तीन महिने धरा. मोठं कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर चालतं. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू बारा तास काही खात नसेल, किंवा उलट्या आणि जुलाब एकत्र असतील, तर वाट बघू नका. पार्व्होत काही तासांचा फरक पडतो आणि उपचार म्हणजे पाच-सात दिवस रोज सलाईन. तुमच्या घरात गेल्या वर्षभरात पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर नवं पिल्लू आणूच नका, तो विषाणू कित्येक महिने टिकतो. पूर्ण लसीकरण झालेलं मोठं कुत्रं आणा.

शू-शीचं शिक्षण हे घड्याळाचं काम आहे. पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास ते कसंबसं धरतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि दिवसा दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्या, झालं की तिथेच खाऊ द्या. घरात झालं तर नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही. व्हिनेगर आणि पाण्याने पुसा. वास उरला की ते तिथेच परत येतं.

खाणं

शेल्टरमध्ये जे खात होतं तेच पहिले चार-पाच दिवस. मग आठवडाभरात बदल: पाव हिस्सा नवं, अर्धं, पाऊण, पूर्ण. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहापर्यंत तीनदा, पुढे दोनदा. नसबंदी झालेल्या १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात. कोरडं खाद्य असेल तर २३० ते २५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सात-साडेसात किलो. ज्या खाद्याचा विचार आहे त्याच्या भावाने गुणा, खर्च कळेल. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रं जगतं, पण वाढीच्या वयात हाडं वाकतात आणि दुधाने बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात. घरचं द्यायचं तर अंडी, चिकन किंवा मासे, भात, भोपळा किंवा गाजर, आणि कॅल्शियमचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घरात मांस-अंडं चालतच नसेल तर कुत्रं आणण्याआधीच हे बोलून घ्या.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं नकोत. तापाला स्वतःच्या डब्यातली गोळी तर कधीच नको. आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक आहे आणि पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजर मारू शकते.

लसी आणि जंत

पिल्लाला एकत्रित लस (पार्व्होसकट अनेक आजारांची एकच) सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा होईपर्यंत. रेबीज तीन महिन्यांनंतर, एक बूस्टर, मग दरवर्षी. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका. पण कडेवर घेऊन बाजार, बसस्टॉप, शाळेचा गेट जरूर दाखवा. तीन-चार महिन्यांपर्यंत जे बघितलं नाही त्याची भीती पुढे काढणं कठीण जातं. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे तिमाहीला, आणि दर वेळी वजन करूनच.

आपल्याकडे मोठ्या कुत्र्यांना आजारी पाडणारी मुख्य गोष्ट गोचीड. कान, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखाली आठवड्यातून दोनदा बघा. ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त दिसलं तर रक्ताची तपासणी लगेच. गोचिडांची औषधं कुत्र्याची मांजराला लावू नका, त्यातल्या काहींत असणारं परमेथ्रिन मांजराला विष आहे. आणि मांजर दत्तक घेणार असाल तर एवढंच: आणण्याआधी गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी बसवा. ग्रिलमधून पिल्लू आरामात बाहेर पडतं.

आपल्याच गल्लीतलं कुत्रं घ्यायचं असेल तर

कानाला खाच आहे का बघा. असेल तर नसबंदी झालेली आहे. त्याला खायला घालणाऱ्यांशी बोला. पाच-सहा वर्षं रस्त्यावर काढलेल्या कुत्र्याला दुसऱ्या मजल्यावर कोंडणं त्याच्या भल्याचं असेलच असं नाही, म्हणून आधी पट्टा, मग दिवसा काही तास घरात, मग रात्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशानुसार दत्तकासाठी पालिकेकडे अर्ज करता येतो आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची असते.

नाहीच जमलं तर

शेल्टरला लवकर कळवा, अगदी पहिल्या पंधरवड्यात. तेव्हा त्यांच्याकडे एखादा प्रशिक्षक, एखादं फोस्टर घर, निदान एक फोनवरचा सल्ला असतो. सहा महिने सोसून रागाने परत आणल्यावर यातलं काही उरत नाही. परस्पर दुसऱ्याला देऊ नका, आणि ‘जिथून आणलं तिथे सोडून आलो’ हा तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. परत नेताना लसीचं पुस्तक, त्याची चादर आणि एक कागद बरोबर द्या. किती तास एकटं राहत होतं, कशाला घाबरतं, काय खातं, मुलांशी कसं वागतं, कोणाला चावलं असेल तर नेमकं काय चाललं होतं तेव्हा, हे सगळं त्यावर लिहा. चावल्याचं लपवू नका. पुढचं घर त्या कागदावरूनच निवडलं जातं.